युरोपचे माध्यम-जाहिरात कायदे: प्रकाशकांच्या पदरात काय पडलं?

राइनकाठ

गेल्या आठवड्यात इथल्याच एका धाग्यावर "युरोपनं गुगल-फेसबुकला वठणीवर आणलं, आपणही तोच कित्ता गिरवावा" असा सूर होता. मी जर्मनीतल्या एका प्रादेशिक दैनिकाच्या डिजिटल जाहिरात विभागात काम करते. या कायद्यांची अंमलबजावणी रोज आमच्या हातून होते, म्हणून प्रकाशकाच्या बाजूनं हे सगळं कसं दिसतं ते सविस्तर लिहिते आहे. माझं म्हणणं असं, की कायद्यांचा हेतू योग्य आहे, पण क्रम चुकला. प्रकाशकावर बोजा टाकणारे नियम आधी आले आणि मधल्या दलालांना आवरणारे वर्षानुवर्षं मागे राहिले.

संकेतस्थळ उघडताच परवानगी मागणाऱ्या संमतीच्या खिडकीपासून सुरुवात करू, ती सगळ्यांनी पाहिलेली आहे. लोक तिला जीडीपीआरची, म्हणजे युरोपच्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची, देणगी समजतात. खरं तर वाचकाच्या यंत्रावर कुकी (त्याला ओळखू देणारी छोटी फाइल) ठेवायची तर आधी विचारा, हा नियम ई-प्रायव्हसी निर्देशातला आहे, २००२ चा आणि २००९ मध्ये कडक केलेला. २५ मे २०१८ ला जीडीपीआर लागू झाला आणि संमती कशाला म्हणायचं याचा निकष कठोर झाला. १ ऑक्टोबर २०१९ ला युरोपीय न्यायालयानं प्लॅनेट४९ खटल्यात सांगितलं, की आधीच टिक करून ठेवलेला चौकोन ही संमती होत नाही, वाचकानं स्वतः होकार द्यायला हवा.

आता पान उघडल्यावर पहिल्या सेकंदात काय घडतं ते बघा. बातमीच्या आधी खिडकी येते. वाचकानं 'स्वीकारा' दाबलं की अक्षरांची एक लांबलचक माळ तयार होते. कोणत्या कंपनीला कोणत्या कामासाठी परवानगी मिळाली, हे त्या माळेत सांकेतिक रूपात असतं. पानावरच्या प्रत्येक जाहिरातीच्या जागेसाठी लिलावाची हाक जाते आणि तिच्यासोबत ही माळ जाते. पलीकडे खरेदीदारांची यंत्रं सेकंदाच्या दहाव्या भागात ठरवतात, की या वाचकासाठी किती बोली लावायची. बातमीचा पहिला परिच्छेद वाचून व्हायच्या आत जागा विकली गेलेली असते. 'नाकारा' दाबलं तर हाक ओळखीविना जाते. मग बरेच खरेदीदार बोलीच लावत नाहीत आणि जे लावतात ते पडत्या भावात. ती जागा आमच्याच वर्गणीच्या जाहिरातीनं किंवा गावातल्या फर्निचरवाल्याकडून थेट घेतलेल्या जाहिरातीनं भरावी लागते. वाचक तोच, बातमी तीच, वार्ताहराचा पगारही तोच.

ही माळ कशी असावी हे आयएबी युरोप या जाहिरात उद्योगाच्या संघटनेनं २०१८ मध्ये ठरवलं आणि असंख्य वृत्तपत्रांनी ती चौकट बसवून घेतली. फेब्रुवारी २०२२ मध्ये बेल्जियमच्या डेटा संरक्षण प्राधिकरणानं ही चौकट जीडीपीआरमध्ये बसत नाही असं ठरवून संघटनेला अडीच लाख युरो दंड केला. पुढे ७ मार्च २०२४ ला युरोपीय न्यायालयानं ती माळ हीसुद्धा वैयक्तिक माहितीच आहे, असा निर्वाळा दिला. म्हणजे कायदा पाळण्यासाठी जे साधन बसवलं तेच कायद्याच्या कचाट्यात सापडलं. मोठ्या समूहाकडे वकिलांची फौज असते. तालुक्याएवढ्या भागात खपणाऱ्या दैनिकाकडे हे सगळं सांभाळायला एकच माणूस असतो, आणि त्याला वर्तमानपत्राचं ॲपही बघायचं असतं.

दंडाचं बोलायचं तर जुलै २०२१ मध्ये सीएनआयएल या फ्रान्सच्या माहिती संरक्षण प्राधिकरणानं ल फिगारो या दैनिकाला ५० हजार युरो दंड ठोठावला. कुकी ठेवल्या होत्या जाहिरात-भागीदारांनी, काही तर वाचकानं नकार दिल्यावरसुद्धा. पण पान तुमचं, तेव्हा लक्ष ठेवणं तुमचं काम, असं सीएनआयएलचं म्हणणं. तत्त्व म्हणून मला ते पटतं. व्यवहारात मात्र पानावर चालणाऱ्या परक्या कोडमध्ये कोण काय करतंय हे सतत तपासत बसावं लागतं, आणि ते कोड ज्यांचं असतं त्यांच्याशी घासाघीस करायची ताकद छोट्या प्रकाशकात नसते.

यातून वाट काढायला ऑस्ट्रियाच्या देअर श्टांडार्ड या दैनिकानं २०१८ मध्येच वाचकाला दोन पर्याय दिले: जाहिरातींसाठी माग काढू द्या, नाहीतर महिन्याला पैसे भरून मागाशिवाय वाचा. जर्मनीत याला पुर-आबो म्हणतात. श्पीगेल, त्साइट ही साप्ताहिकं आणि इतर बरीच मंडळी त्या वाटेनं गेली. नॉयब या खासगीपणाच्या हक्कासाठी लढणाऱ्या संस्थेनं २०२१ मध्ये यांतल्या अनेकांविरुद्ध तक्रारी केल्या. मग नोव्हेंबर २०२३ मध्ये मेटानं हीच युक्ती फेसबुक-इन्स्टाग्रामसाठी उचलली आणि सगळं वादात सापडलं. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय डेटा संरक्षण मंडळानं मत दिलं, की मोठ्या मंचांनी फक्त एवढे दोनच पर्याय दिले तर ती संमती बहुतेक वेळा वैध धरता येणार नाही. मत मोठ्या मंचांपुरतं आहे, तरी आमच्या बैठकांमध्ये तेव्हापासून धाकधूक आहे.

या सगळ्यात फावलं कोणाचं? जीडीपीआर लागू झाल्यानंतरच्या आठवड्यात संकेतस्थळांनी बाहेरच्या तंत्र-पुरवठादारांची संख्या सुमारे १५ टक्क्यांनी कमी केली, असं अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांच्या एका अभ्यासात दिसलं. पण याच बाजाराचं केंद्रीकरण सुमारे १७ टक्क्यांनी वाढलं. छोटे गळाले, मोठा आणखी मोठा झाला. आणि हा मोठा कोण, तर गुगल.

गुगलचं गणित आपल्याकडच्या माणसाला चटकन कळेल. बाजार समितीत शेतकऱ्याचा अडत्या, व्यापाऱ्याचा दलाल आणि लिलावाचा कट्टा, तिन्ही एकाच घरचे असले तर भाव कसा पडेल? प्रकाशकाची जागा विकणारं यंत्र गुगलचं, जाहिरातदाराची खरेदी करणारं यंत्र गुगलचं आणि मधला लिलावही गुगलचा. प्रतिस्पर्ध्याची सर्वांत चांगली बोली किती आहे हे गुगलच्या स्वतःच्या लिलावाला आधीच कळायचं. जून २०२१ मध्ये फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणानं याबद्दल २२ कोटी युरो दंड केला. युरोपीय आयोगानं त्याच महिन्यात चौकशी उघडली आणि निकाल आला ५ सप्टेंबर २०२५ ला: २९५ कोटी युरो. हा पक्षपात निदान २०१४ पासून चालला होता, असं आयोगच म्हणतो. संमतीची खिडकी आम्ही २०१८ मध्ये बसवली. लिलाव खोटा आहे हे आयोगानं आणखी सात वर्षांनी जाहीर केलं. दंडाची रक्कम युरोपीय संघाच्या (ईयू) तिजोरीत जाईल. ज्या वृत्तपत्रांच्या जागा कमी भावात गेल्या, त्यांना नुकसानभरपाई हवी असेल तर वेगळं कोर्टात जावं लागेल.

क्रम चुकला म्हणते ते यासाठी. युरोपात राहणाऱ्यांनी आणि भारतात प्रकाशन करणाऱ्यांनी, दोघांनीही लिहा.

पारावरचा

ताई, फार उपयोगाचं लिहिलंत. आम्ही मित्र मिळून पुण्यातून एक ऑनलाइन दिवाळी अंक काढतो. वाचक आयर्लंड, जर्मनी, नेदरलँड्समधूनही येतात. वर्गणी रुपयांत, जाहिराती थोड्या ओळखीतल्या आणि बाकी आपोआप लागणाऱ्या. आम्हाला जीडीपीआर लागू होतो का? एका जाणकारांनी सांगितलं, की भानगड नको, युरोपातून पान उघडणंच बंद करा.

राइनकाठ

बंद करू नका. २०१८ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्स आणि शिकागो ट्रिब्यूननं तेच केलं होतं, युरोपातल्या वाचकासमोर नुसती दिलगिरीची पाटी. तुमचा परदेशातला वाचक तर दिवाळीची वाट बघत असतो.

जीडीपीआरचं कलम ३ वाचा. ईयूबाहेरच्या प्रकाशकाला तो दोन परिस्थितींत लागतो: ईयूतल्या लोकांना उद्देशून वस्तू किंवा सेवा देत असाल तर, किंवा त्यांच्या तिथल्या वागणुकीवर नजर ठेवत असाल तर. पान युरोपात उघडतं एवढ्यावरून उद्देश सिद्ध होत नाही, हे कायद्याच्या प्रास्ताविकातच म्हटलं आहे. तुमची वर्गणी रुपयांत आहे, म्हणजे पहिल्या मुद्द्यावर फारसं काही नाही. उद्या युरोत वर्गणी ठेवून 'युरोपातल्या वाचकांसाठी खास' म्हणालात तर चित्र बदलेल. दुसरा मुद्दा जपण्याचा. आपोआप लागणाऱ्या जाहिराती लिलावातूनच येतात आणि त्यांच्या कुकी वाचकाच्या मागे फिरतात. तुमची अडचण असलीच तर तिथे आहे.

आल्प्सदर्शन

म्युनिकमध्ये सॉफ्टवेअरमध्ये आहे, जाहिरात क्षेत्रात नाही. धागा आवडला, पण वाचकाची बाजू फार थोडक्यात आटोपली आहे असं वाटलं.

खिडकी वाईट कोणी केली? कायद्यात कुठेही असं लिहिलेलं नाही, की 'स्वीकारा' हा ठळक रंगातला मोठा खटका असावा आणि 'नाकारा' दुसऱ्या पानावर फिकट अक्षरांत लपवावा. ते प्रकाशकांनी केलं. भागीदारांची यादी उघडून बघा, शेकड्यांनी नावं असतात, आणि एका स्थानिक बातमीसाठी वाचकानं ती सगळी वाचावी अशी अपेक्षा. गुगल आणि फेसबुकला २०२१ च्या अखेरीस सीएनआयएलनं १५ कोटी आणि ६ कोटी युरोचा दंड केला तो याच कारणासाठी, की नकार देणं होकाराइतकं सोपं नव्हतं. आपल्या आवडत्या दैनिकाचा खटकाही तसाच होता.

आणि लिलावाची हाक जाते तेव्हा पानाचा पत्ताही जातो. मी माझ्या आईसाठी एखाद्या आजाराबद्दल वाचत असेन तर ते किती कंपन्यांना कळतं? बोली जिंकणाऱ्या एकाला नव्हे, हरलेल्या सगळ्यांना. ती माहिती पुढे कोण जपून ठेवतं, कोण विकतं, याचा पत्ता प्रकाशकालाही नसतो. जिथे एवढी गळती आहे तिथे आधी नळ बंद करणंच बरोबर. क्रम चुकला असं मला वाटत नाही.

राइनकाठ

हरलेल्या बोलीदारांनाही माहिती मिळते, हा या साऱ्या विषयातला सर्वांत गंभीर मुद्दा आहे आणि तुम्ही तो नेमका मांडलात. खटक्यांच्या रंगाबद्दलही तुमचं बरोबर आहे, आमच्या धंद्यात ते सर्रास झालं.

याच गळतीत प्रकाशकाचंही नुकसान आहे, ते सहसा बोललं जात नाही. गंभीर अर्थविषयक पान वाचणारा वाचक महाग असतो. एकदा लिलावातून त्याची ओळख जाहिरातदाराला कळली, की पुढच्या वेळी तो त्याच माणसाला एखाद्या चुटके-फोटोंच्या पानावर, कितीतरी कमी पैशांत गाठतो. वाचक आम्ही कमावलेला, आणि भाव मिळतो दुसऱ्याच पानाला. म्हणून तुमची-माझी मागणी एकच आहे, ही साखळी तोडा. युरोपनं साखळीच्या मालकाआधी साखळीच्या टोकाला असलेल्या दैनिकाला धरलं, एवढीच माझी तक्रार.

कालवा

ॲमस्टरडॅमहून. साखळी तोडून काय होतं याचं इथे चांगलं उदाहरण आहे. सार्वजनिक प्रसारक एनपीओच्या जाहिराती स्टेर ही संस्था विकते. त्यांनी २०२० च्या सुरुवातीपासून वाचक-प्रेक्षकांच्या माहितीवर बेतलेल्या जाहिराती साफ बंद केल्या आणि कार्यक्रमाच्या विषयावरून जाहिरात लावायला सुरुवात केली. त्या वर्षीच्या जानेवारी आणि फेब्रुवारीत त्यांचं डिजिटल जाहिरात-उत्पन्न आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा ६२ आणि ७९ टक्क्यांनी वाढलं. मधले दलाल गेले, त्यांचा वाटा घरात राहिला. न्यू यॉर्क टाइम्सनंही २०१८ मध्ये युरोपात माग काढणाऱ्या लिलावी जाहिराती थांबवल्या होत्या आणि त्यांचं उत्पन्न घटलं नाही.

मग बाकीचे हे का करत नाहीत?

राइनकाठ

कारण स्टेरकडे स्वतःचे विक्रेते आहेत आणि देशभरचा प्रेक्षक आहे. जाहिरातदाराला तिथे जावंच लागतं. न्यू यॉर्क टाइम्सबद्दलही तेच. आमचा विक्री प्रतिनिधी फर्निचरवाल्याला, वाहन विक्रेत्याला भेटू शकतो. फ्रँकफर्टच्या जाहिरात एजन्सीला आमच्या एकट्याच्या चाळीस-पन्नास गावांत रस नसतो. बरीच प्रादेशिक दैनिकं एकत्र येऊन विषयावर बेतलेली जाहिरात विकू लागली तरच त्यांना परवडतं. तसे प्रयत्न सुरू आहेत, वेग मंद आहे. तरी स्टेरचं उदाहरण मी आमच्या प्रत्येक बैठकीत देते.

शिळाप्रेस

मी सांगली भागातल्या एका जिल्हा दैनिकात उमेदवारी केलेला माणूस. कुकी वगैरे आमच्या काळी नव्हतं. आमची नाडी होती सरकारी जाहिरातीत. शासनमान्य यादीवर नाव, अ-ब-क वर्गवारी, आणि एखादी बातमी झोंबली की जाहिरात आटायची. कागदोपत्री कारण कधीच नसायचं. युरोपात यावर काही नियम आहे का?

बेल्जीकर

काका, आहे, आणि अगदी ताजा आहे. मी ब्रुसेल्समध्ये कायदा शिकते, हाच माझ्या अभ्यासाचा विषय.

युरोपीय माध्यम स्वातंत्र्य कायदा, ईएमएफए. ७ मे २०२४ ला अमलात आला आणि बहुतेक तरतुदी ८ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाल्या. त्याचं कलम २५ तुमच्या प्रश्नाचंच उत्तर आहे. सरकारी जाहिरात वाटण्याचे निकष आधी जाहीर करायचे, ते वस्तुनिष्ठ आणि भेदभावरहित असायला हवेत. दरवर्षी कोणत्या माध्यमाला किती रक्कम दिली हे नावानिशी प्रसिद्ध करायचं. यात मंत्रालयं येतात तशा सरकारी कंपन्याही येतात. देशातल्या माध्यम नियामकानं त्यावर नजर ठेवून वार्षिक अहवाल द्यायचा. एक पळवाट राहिली आहे: एक लाखापेक्षा कमी वस्तीच्या स्थानिक संस्थांना काही तपशील देण्यातून सूट देण्याची मुभा सदस्य देशांना आहे. नगरपालिकेच्या जाहिरातीवर जगणारी छोटी पत्रं नेमकी तिथेच असतात, म्हणून मला ही सूट खटकते.

कायद्याची गरज कुठून आली ते हंगेरीकडे बघितलं की कळतं. तिथे सरकारी जाहिरातीचा पैसा सरकारधार्जिण्या माध्यमांकडे वळतो, हे आयोगाच्या कायद्याच्या राज्याविषयीच्या वार्षिक अहवालांत वारंवार आलं. या कायद्याला युरोपीय न्यायालयात आव्हान दिलं तेही हंगेरीनंच.

याच कायद्यात आणखी दोन गोष्टी प्रकाशकांच्या कामाच्या आहेत. मोठ्या मंचानं एखाद्या वृत्तमाध्यमाचा मजकूर स्वतःच्या अटींवर बोट ठेवून काढायचा ठरवला, तर आधी कारण सांगून उत्तराला २४ तास द्यावे लागतात. आणि वाचकसंख्या मोजणाऱ्यांना आपली पद्धत खुली करावी लागते. जाहिरातीचा दर त्या आकड्यावर ठरतो, त्यामुळे हे कलम दिसतं त्यापेक्षा मोठं आहे.

शिळाप्रेस

नावानिशी आणि रकमेनिशी, एवढं जरी आमच्याकडे झालं असतं तरी कितीतरी संपादकांची मान ताठ राहिली असती. धन्यवाद, बाळ.

सेनकिनारी

पॅरिसहून लिहितो आहे. इथे प्रकाशकांच्या तोंडी सतत येणारा विषय म्हणजे शेजारहक्क. २०१९ च्या कॉपीराइट निर्देशाच्या कलम १५ नं वृत्त-प्रकाशकांना दोन वर्षांचा हक्क दिला: बातमीचा उतारा दाखवायचा तर मोबदल्याची बोलणी करा. फ्रान्सनं जुलै २०१९ मध्येच तो कायदा करून सर्वांत आधी लागू केला. गुगलनं सुरुवातीला उलट सांगितलं, की फुकट परवानगी द्या नाहीतर उतारा आणि छायाचित्र दाखवणार नाही. स्पर्धा प्राधिकरण मध्ये पडलं, प्रामाणिकपणे बोलणी केली नाहीत म्हणून जुलै २०२१ मध्ये ५० कोटी युरो दंड, आणि मार्च २०२४ मध्ये पुन्हा २५ कोटी. दुसऱ्या दंडामागचं एक कारण असं, की बार्ड या एआय सेवेसाठी प्रकाशकांचा मजकूर वापरला आणि त्यांना कळवलंसुद्धा नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये एएफपी या वृत्तसंस्थेशी पाच वर्षांचा करार झाला तो या रेट्यामुळेच.

फ्रान्सला हे जमलं याचं कारण कॉपीराइटच्या मागे स्पर्धा कायद्याचा दांडका होता. जर्मनीत २०१३ मध्ये असाच हक्क आला होता, दांडका नव्हता. आक्सेल श्प्रिंगर या बड्या प्रकाशन समूहानं २०१४ मध्ये उताऱ्यांची परवानगी नाकारून पाहिली, गुगल शोधातून येणारे वाचक सुमारे ४० टक्क्यांनी घटले आणि दोन आठवड्यांत माघार घ्यावी लागली. स्पेननं त्याच वर्षी मोबदला सक्तीचा केला तर गुगल न्यूजनं डिसेंबर २०१४ मध्ये तिथला गाशाच गुंडाळला, ते २०२२ मध्ये परतले. म्हणून राइनकाठ, मला तुमचा मुद्दा पुढे न्यावासा वाटतो: हक्क कागदावर देणं सोपं असतं, तो वापरताना वाचक तुटू नये याची तजवीज दुसऱ्याच कायद्यात करावी लागते.

राइनकाठ

अगदी हेच. जर्मन कायद्याचा शेवट तर फारच वाईट झाला. युरोपीय आयोगाला आधी कळवलं नव्हतं म्हणून सप्टेंबर २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयानं तो लागू करता येणार नाही असं सांगितलं. सहा वर्षांची लढाई एका न पाठवलेल्या कागदावर गेली.

शिळाप्रेस

आणखी एक विचारतो. निवडणुकीच्या जाहिरातींचं काय? आमच्याकडे तर तोच हंगाम.

राइनकाठ

इथेही नवा नियम आहे, १० ऑक्टोबर २०२५ पासून. राजकीय जाहिरात पारदर्शकता नियम. गुगल आणि मेटानं तो झेपणार नाही म्हणत ईयूत राजकीय जाहिराती घेणंच थांबवलं. पण नियम छापील पानालाही लागू आहे, म्हणून आमच्या जाहिरात काउंटरवर काय होतं ते सांगते.

नगर परिषदेला उभा असलेला उमेदवार पाव पानाची जाहिरात घेऊन येतो. पूर्वी मजकूर, छायाचित्र, आकार, पैसे, झालं. आता काउंटरवरची बाई आधी अर्ज काढते. पैसे कोण देतंय, उमेदवार स्वतः, पक्ष की त्याचा मेहुणा? त्या पैसे देणाऱ्याच्या मागे कोणाचं नियंत्रण आहे? कोणत्या निवडणुकीसाठी? रक्कम किती आणि ती कुठून आली? मग पानावर 'राजकीय जाहिरात' असा ठळक शिक्का, पैसे देणाऱ्याचं नाव, निवडणुकीचं नाव आणि सविस्तर निवेदनाकडे नेणारा क्यूआर कोड. सगळे कागद सात वर्षं जपून ठेवायचे. मतदानाच्या आधीच्या महिन्यात कोणी तक्रार केली तर ४८ तासांत निकाल लावायचा. ऑनलाइन जाहिरात वाचकाच्या वैयक्तिक माहितीवर नेम धरून दाखवायची असेल तर फक्त त्याच कामासाठी वेगळी, स्पष्ट संमती हवी.

काम वाढलं, पण या नियमाबद्दल माझी तक्रार नाही. पैसा कोणाचा हे मतदाराला कळायलाच हवं. आणि बड्या मंचांनी पाठ फिरवल्यावर गावातला उमेदवार पुन्हा स्थानिक दैनिकाच्या काउंटरवर आला आहे. संपादकीय मतं आणि बातम्या यातून वगळल्या आहेत, तेही चांगलं.

फोर्टवाला

मुंबईत माध्यम कंपन्यांसाठी वकिली करतो. "कित्ता गिरवावा" हे मूळ वाक्य होतं, तर भारतात कुठवर आलंय ते थोडक्यात.

वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचा डीपीडीपी कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतील. संमतीची सूचना इंग्रजीसोबत आठव्या अनुसूचीतल्या भाषांतून वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल, म्हणजे मराठीतूनही. १८ वर्षांखालच्यांचा माग काढून जाहिराती दाखवणं बंद.

पण एक मोठी उणीव आहे. जीडीपीआरचं कलम ८५ सदस्य देशांना सांगतं, की पत्रकारितेसाठी सूट ठेवून माहिती संरक्षण आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य या दोन्ही हक्कांचा मेळ घाला. आपल्याकडच्या आधीच्या मसुद्यांत पत्रकारितेची सूट होती, अंतिम कायद्यात ती नाही. एडिटर्स गिल्डनं याबद्दल चिंता मांडली. शोधपत्रकारानं एखाद्या अधिकाऱ्याच्या मालमत्तेची माहिती जमवली तर त्याची संमती घ्यायची का? कित्ता गिरवताना नेमका हा भाग सुटला आहे.

आणि लिलावाच्या बाजूनं: डिजिटल न्यूज पब्लिशर्स असोसिएशनच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगानं जानेवारी २०२२ मध्ये गुगलविरुद्ध चौकशीचा आदेश दिला. त्या आदेशात फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियातल्या घडामोडींचा उल्लेख आहे. म्हणजे क्रम चुकवायचा नसेल तर अजून वेळ आहे, चौकशी नेटानं पुढे न्यायला हवी.

आल्प्सदर्शन

नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगानं डिजिटल ऑम्निबस प्रस्ताव मांडला, त्यावर तुमचं मत काय? ब्राउझरमध्येच एकदा होकार-नकार सांगून ठेवायचा, मग प्रत्येक पानावर खिडकी नको. मला तर हेच हवं होतं.

राइनकाठ

प्रस्तावात वृत्तमाध्यमांना ब्राउझरच्या त्या संकेतातून वगळलं आहे, आम्ही खिडकी दाखवू शकू. कारण उघड आहे: ब्राउझर बहुतांशी गुगल आणि ॲपलचे, त्यांच्या एका सेटिंगवर आमचं उत्पन्न टांगलं जाऊ नये. प्रकाशक म्हणून मला ही सूट हवी आहे. पण तिच्या बदल्यात वृत्तपत्रांनी खिडकी स्वच्छ ठेवावी, नकाराचा खटका होकाराशेजारी, त्याच आकाराचा असावा, अशी अट कायद्यातच घालावी. नाहीतर वाचकांचा आमच्यावरचा विश्वास आणखी खाली जाईल, आणि तुमच्यासारखे लोक जाहिरात-रोधक लावतील ते काढणार नाहीत. संसदेत आणि सदस्य देशांत या मजकुरात बदल होऊ शकतात, त्यामुळे आत्ताच दोन्ही बाजूंनी लिहून कळवायला हवं.

पारावरचा

चर्चा वाचून आमच्या मंडळानं ठरवलं: यंदाच्या अंकातून आपोआप लागणाऱ्या जाहिराती काढतोय. त्यातून येणारी रक्कम तशीही किरकोळ होती. त्याऐवजी प्रत्येक विभागाला एक प्रायोजक, पाककृतींच्या पानाला मसालेवाले, प्रवासाच्या पानाला सहल कंपनी, थेट बोलून. वाचकसंख्या मोजायचं साधनही बदलायचं आहे. आणि ताई, अंकात अभिवाचनाचे यूट्यूब व्हिडिओ जोडलेले असतात, त्यांचं काय करायचं?

राइनकाठ

मोजणीसाठी माटोमो बघा, स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं. नीट सेटिंग केलं तर सीएनआयएल त्यासाठी संमतीचीही अट घालत नाही. व्हिडिओ थेट पानात बसवू नका, पान उघडताच तिकडून कुकी येतात. आधी फक्त एक स्थिर चित्र ठेवा, त्याखाली 'व्हिडिओ यूट्यूबवरून येईल' अशी एक ओळ, आणि वाचकानं चित्रावर टिचकी मारली तरच व्हिडिओ लोड होऊ द्या. जर्मनीत हाइजं या तंत्रज्ञान-प्रकाशनानं २०११ मध्ये फेसबुकच्या लाइक खटक्यासाठी हीच दोन टिचक्यांची पद्धत काढली होती. तुमच्या तंत्रज्ञाला तासाभराचं काम आहे. अडलं तर त्याला इथेच लिहायला सांगा, मी आमच्या पानावर ते कसं केलंय ते दाखवीन.